ताईची वरची प्लेट

जबड्याच्या विभागात माणसं दोन वाटांनी येत. एक वाट रस्त्यावरची. घसरलेली दुचाकी, निसटलेली शिडी, दारूच्या दुकानाबाहेरची मारामारी. ही माणसं सुजलेलं तोंड आणि रक्ताळलेला शर्ट घेऊन एकदम दारात उभी राहत. दुसरी वाट लांबची. त्या वाटेने येणारी माणसं तोंडावर रुमाल धरून हळूहळू येत आणि बाकावर टेकल्यावर शेजारच्याला सांगत की तसं काही नाही, तोंडात एक जखम आहे, बरी होत नाही इतकंच. साचेकाका दोन्ही प्रकारच्या माणसांना ओळखत, पण चेहऱ्याने नाही, प्लास्टरवरून.

विभागाच्या टोकाला, उपकरणं उकळायच्या खोलीला लागून, त्यांची खोली होती. लांबलचक ओटा, त्यावर प्लास्टर कापायची करवत, घासायचं आणि चकाकी द्यायचं चाक, गॅसची बारीक ज्योत, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे. डॉक्टर रोग्याच्या तोंडात मऊ मसाला दाबून ठसा घेत, काका त्या ठशात प्लास्टर ओतत, आणि ते घट्ट झालं की त्या माणसाचं तोंड त्यांच्या तळहातावर असे. त्यावरून ते कवळ्या करत, मोडलेला जबडा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या करत, आणि कर्करोगामुळे ज्यांची टाळू कापावी लागली त्यांच्यासाठी ते भोक बंद करणाऱ्या प्लेटही करत. तोंडात डोकावणं मात्र त्यांचं काम नव्हतं. विभागाचा शिरस्ताच तसा होता, तोंड डॉक्टरांचं आणि साचा काकांचा. एखादा नवा डॉक्टर म्हणाला, की काका, पेशंट बाहेरच बसलाय, एकदा बघून घेता का, तर काका म्हणत, "पेशंट काहीही सांगतो हो. प्लास्टर खोटं बोलत नाही." मग सगळे हसत. काकांना हे वाक्य आवडायचं.

या नोकरीला त्यांना लावलं ते ताईने. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताईने शाळा आणि चूल दोन्ही सांभाळून धाकट्या भावाला वाढवलं. पुढे ती पोस्टाच्या खिडकीवर लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसली. आवाज असा, की तिने मागच्या रांगेतल्या माणसाला "तुमचा पत्ता अर्धाच आहे" म्हटलं की सगळी रांग आपापला पत्ता तपासायची. खिडकीवर येणाऱ्या कुठल्याशा डॉक्टरशी बोलता बोलता तिने भावासाठी शब्द टाकला. भाऊ हाताने कसबी, बोलण्यात कमी. "तोंडाचं काम आहे, पण बोलावं लागत नाही, तुझ्यासाठीच काढलंय," असं सांगून तिने त्याला धाडलं.

काका नोकरीत जेमतेम रुळत होते तेव्हा ताई मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडली. तोंड फुटपाथच्या कडेवर आपटलं. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, डाव्या गालाचं हाड आत दबलं, वरचे डावीकडचे दात रस्त्यावरच राहिले. तेव्हाचे जुने कारागीर आजारी होते, म्हणून काम काकांकडे आलं. ताईच्या जबड्याचा साचा त्यांनी हाड जिथे मोडलं होतं तिथेच करवतीने कापला आणि तुकडे मागेपुढे सरकवत बसले. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून दातांना जे सपाट डाग पडतात, ते डाग एकमेकांना भेटेपर्यंत त्यांनी तुकडे सरकवले. भेटले तेव्हा त्यावर पट्टी केली. त्या पट्टीच्या मापाने सर्जननी जबडा जोडला, तारांनी वरचे-खालचे दात आवळून टाकले. तोंड बंद असताना ताई पाटीवर लिहून भांडायची, आणि समोरच्याने वाचलं नाही तर पाटी आपटायची. तारा निघाल्या तेव्हा चेहरा होता तसा परत आला. फक्त हसताना ओठाचा डावा कोपरा जरा उशिरा वर जायचा, पण तेही ज्याला माहीत त्यालाच दिसायचं.

त्यानंतर ताईने जन्मभर एकच पालुपद धरलं, सर्जनने हाडं जोडली असतील, पण चेहरा माझ्या भावाने ओतलाय. आणि आपल्या तोंडाला तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आधी डावीकडची छोटी प्लेट, मग वय झालं तशी वरची पूर्ण कवळी, सगळं भावाकडूनच. तेवढ्यापुरतं ती विभागात येऊन डॉक्टरांना ठसा घेऊ द्यायची, तोही डोळे घट्ट मिटून. बाकी डागडुजी घरीच. रविवारी काका तिच्याकडे चहाला जात, खिशात लहानसं घासायचं यंत्र आणि जांभळी पेन्सिल घेऊन.

घरच्या या कामाची एक रीत पडून गेली होती. ताई कवळीशिवाय कुणाला दिसायची नाही. नवऱ्याला दिसली नव्हती, तो गेल्यावर मुलीलाही नाही, आणि भावाला तर नाहीच. कवळी लागायला लागली की ती पेन्सिल घेऊन न्हाणीघरात जायची, दुखऱ्या जागेवर पेन्सिलीचा रंग बोटाने लावायची, कवळी एकदा दाबून बसवायची, काढायची, धुवायची नाही, आणि दार बोटभर उघडून फटीतून बाहेर द्यायची. कवळीवर जिथे जांभळा डाग उठलेला असे, तिथे काका घासत. पुन्हा फटीतून आत. आतून आवाज यायचा, "हां, आता कसं. आता बदामही फोडीन." मग चहा. ही रीत दोघांनाही सोयीची होती. ताईचा मान राहायचा आणि काकांना, खरं सांगायचं तर, थोरल्या बहिणीच्या बोळक्या तोंडात बघायचा संकोचच होता.

उन्हाळ्यात ताई म्हणाली, डावीकडे वर लागतंय. काकांनी घासलं. बरं वाटलं. काही दिवसांनी पुन्हा तिथेच. पुन्हा घासलं. कवळीचं असंच असतं, हाड झिजतं, हिरडी बसते, एक टोक टोचायला लागतं. जांभळा डाग दर वेळी जरा मोठा उठायचा. काकांना वाटलं, कवळी हलतेय, म्हणून डाग पसरतोय. त्यांनी आतून मऊ अस्तर भरलं. अस्तर भरल्यावर तर ताई महिनाभर खूश होती. पावसाळा गेला, थंडी पडू लागली, आणि कवळी त्या जागी इतकी पातळ झाली की उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. तेव्हा काका म्हणाले, आता नवीनच करू. हातोडीवाल्याला जसे सगळीकडे खिळे दिसतात, तसं काकांना दुखणाऱ्या तोंडात कवळी दिसायची.

नवीन कवळीचं मनावर घेण्याआधीच भाची आईला विभागात घेऊन आली. भाची चष्म्याच्या दुकानात होती, लोकांच्या चेहऱ्याकडे जवळून बघायची तिला सवय. आईचा डावा गाल किंचित भरलाय आणि ती डाव्या नाकपुडीने श्वास घेत नाही, हे तिच्या नजरेत आलं होतं. मामाला न सांगताच तिने नाव नोंदवलं. काका तयार साच्यांचा ट्रे घेऊन तपासणीच्या खोलीत शिरत होते तर खुर्चीत ताई. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि मोठ्या डॉक्टरबाई आरशाने आत बघत होत्या. बघता बघता त्यांचं बोलणं थांबलं.

इतकी वर्षं तिथे काम केल्यावर काकांना हे थांबणं माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी आरसा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "ही जखम कधीपासून आहे?"

ताईने डोळे उघडले. आधी दाराकडे बघितलं, मग डॉक्टरबाईंकडे. कवळी घालेपर्यंत ती बोलली नाही. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "झाले असतील तीन आठवडे. जास्त नाही."

काकांनी ट्रे टेबलावर ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलणं जिभेवर आलंही होतं. पण डॉक्टरबाई नर्सला कसलीशी बाटली आणायला सांगत होत्या, भाची पर्स उघडून रुमाल शोधत होती, आणि काका "साचे ठेवलेत" एवढंच म्हणून बाहेर पडले.

जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि निघायचं तेच निघालं, कर्करोग. तंबाखूला ताईने कधी शिवलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की न शिवणाऱ्यांनाही होतो, का होतो ते दर वेळी सांगता येत नाही. मग स्कॅन झालं. आजार वरच्या जबड्याच्या हाडात उतरून गालाच्या पोकळीपर्यंत पोचला होता. आणि इथे डॉक्टरबाई अडल्या. तुकड्याच्या रिपोर्टप्रमाणे आजार मध्यम वेगाचा होता, पण तीन आठवड्यांत एवढं हाड खाल्लं असेल तर रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही, असं त्यांनी भाचीला समजावलं. वेगाचा असेल तर ऑपरेशन करूनही लवकर परत येण्याची भीती. करायचं की नाही, हे त्या ठामपणे सांगू शकत नव्हत्या. अर्धा वरचा जबडा जाईल, डावीकडचं हाड आणि टाळू जाईल, आणि त्यानंतर वेळ किती मिळेल ते देव जाणे.

ताईने घरी येऊन निकाल दिला, ऑपरेशन नाही. एकदा मोडलेला चेहरा नीट करून मिळाला, तो आता अर्धा देऊन चार महिने विकत घ्यायचे, हा बाजार तिला परवडत नाही. भाची रडली, भांडली, मग मामाला फोन करून म्हणाली, तूच सांग तिला, तुझं ऐकते. मामा "बघतो" म्हणाला.

त्या रविवारी काका ताईकडे गेले. भाची दुकानात होती. ताईने चहा केला, बिस्किटं काढली. काका म्हणाले, तू तीन आठवडे का सांगितलंस? ताई बशी पुसत म्हणाली की मग काय सांगायचं होतं, की तिथेच काम करणारा माझा भाऊ उन्हाळ्यापासून माझी कवळी घासतोय? निवृत्तीला आलायस, तेवढं नाव तरी सरळ राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ. काका म्हणाले, पण त्यावरून त्यांचा हिशेब चुकतोय, त्यांना वाटतंय आजार वेगाचा आहे. ताईने बशी खाली ठेवली. "चुकू दे," ती म्हणाली. "निवांत जाईन. तू चहा पी."

काकांनी चहा प्यायला. ताईने तो विषयच मिटवून टाकला होता, आणि तिने मिटवला म्हणून आपल्याला बरं वाटतंय, हे घरी परतताना त्यांच्या लक्षात आलं. तिच्या जिवाच्या बदल्यात आपलं नाव सरळ राहणार होतं, आणि आपण बिस्किट बुडवून खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी हातून दोन साचे फुटले. आजवर फुटले नव्हते.

दुपारी रोग्यांची गर्दी ओसरल्यावर ते डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सांगायला फार वेळ लागला नाही. उन्हाळ्यापासून आहे म्हणाले. मी घासत होतो म्हणाले.

डॉक्टरबाई हात पुसत होत्या. "एकदा तरी आत बघितलंत?"

"नाही."

"काका, पंधरवड्यात न भरलेली तोंडातली जखम दाखवा, हे पोस्टर आपल्याकडे कुठे लावलंय?"

"माझ्या दारावर."

त्या खुर्चीत बसल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, तुम्ही दारात उभे होतात, एवढंच म्हणाल्या. मग स्कॅन पुन्हा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की सात-आठ महिन्यांत एवढा, म्हणजे हळू आहे. मानेत उतरलेला नाही. मग काढण्यात अर्थ आहे, चांगला अर्थ आहे. त्यांनी लगेच भाचीला फोन लावला.

काका दाराशी थबकले. त्यांना विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतंही. "पहिल्याच महिन्यात आली असती तर?"

डॉक्टरबाईंनी फोनवर हात ठेवला. "तर नखाएवढा तुकडा काढून घरी पाठवलं असतं. बहुतेक."

आजार हळू आहे हे कळल्यावर ताई ऑपरेशनला तयार झाली. भावाने सांगितलं हे तिला कळलंच, पण त्यावर ती अवाक्षर बोलली नाही. काकांसाठी काम आलं. ऑपरेशनच्या टेबलावरच भोक झाकायला एक तात्पुरती प्लेट लागते, ती आधी करून ठेवावी लागते. ताईचा नवा साचा ओट्यावर आला आणि त्यावर डॉक्टरबाईंनी पेन्सिलने रेघ मारली, समोरून मागे, जवळजवळ मधोमध. रेघेच्या डावीकडचं सगळं काकांनी प्लास्टरवरून खरवडून सपाट करायचं होतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी ताईच्याच जबड्याचे तुकडे जुळवले होते. आता ते खरवडत होते आणि पांढरी भुकटी ओट्यावर साठत होती. त्यांनी काम नेहमीसारखं स्वच्छ केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ताई वाचली. रेडिएशन झालं, तोंड कोरडं पडलं, डावा गाल आत गेला. प्लेट काढली की पाणी नाकातून यायचं आणि बोलणं रिकाम्या पिंपातून आल्यासारखं व्हायचं. प्लेट घातली की मात्र आवाज बराचसा ताईचा व्हायचा. जखम भरत गेली तसे भोकाच्या कडा बदलत गेल्या, आणि काकांनी प्लेट तीनदा नव्याने केली, दर वेळी जरा हलकी, जरा घट्ट. तिसरी घातल्यावर ताईने फोनवर गॅसवाल्याला अर्धा तास झापलं, असं भाचीने कौतुकाने सांगितलं.

पण काकांशी ती फक्त प्लेटबद्दल बोलायची. इथे हवा जाते. इथे दाबतं. पाणी येत नाही आता. रविवारी ते जात, चहा मिळे, पण चहा भाची देई आणि ताई वर्तमानपत्र वाची. ज्या आवाजासाठी काकांनी तीन प्लेट केल्या, तो त्यांच्या वाट्याला चार शब्दांपलीकडे आला नाही. तक्रार कुणाकडे करणार? भाचीसुद्धा एकदा म्हणाली, मामा, तू आधी सांगितलं असतंस तर, आणि वाक्य अर्धं सोडून उठून गेली.

वर्ष उलटलं. एका रविवारी ताईने वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाली, कडेला लागतंय, घास जरा. यंत्र खिशात होतं. ते म्हणाले, उद्या विभागात ये, डॉक्टरबाईंनी बघितल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही. ताई म्हणाली की किरकोळ आहे, दोन मिनिटांचं काम, उगाच दिवस मोडायचा. पण काका हटले नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्या बहिणीला तोंडावर नाही म्हणून, चहा अर्धा टाकून निघाले.

सोमवारी ती आली. काका ओटा सोडून तिच्याशेजारी बाकावर बसले. रांग मोठी होती. समोर एका मुलाचे जबडे तारांनी बांधलेले, त्याची आई त्याला नळीने दूध पाजत होती.

"शहाणपण उशिरा सुचतं तुला," ताई समोर बघत म्हणाली.

"हो."

"मी निभावून नेलं असतं. कुणाला कळलं नसतं. तू जाऊन सांगितलंस, आणि मी त्या बाईंपुढे खोटी पडले. तुझ्यासाठी खोटं बोलले होते, बाळ्या."

घरात कुणी उरलं नव्हतं जे काकांना बाळ्या म्हणेल. वर्षभर तिनेही म्हटलं नव्हतं. काका आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांत प्लास्टर होतं.

"ताई, तू तीन आठवडे म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. तुझं काय होईल ते मनात आलंच नाही आधी. तेच माझ्या मनातून जात नाही. कवळी घासली ती चूक झाली असं म्हणता येईल. हे चूक नव्हतं."

मुलाचं दूध संपलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बोलून झाल्यावर मी दाराकडेच बघितलं. तुझा चेहरा बघितला मी तेव्हा."

तिला सगळं पहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि तरी त्या रविवारी तिने चहा केला होता, बिस्किटं काढली होती.

आतून नाव पुकारलं. ताई उठली, पदर सारखा केला, पर्स काकांकडे द्यायला पुढे केली आणि मग दिली नाही. "चल आत," म्हणाली.

"मी कशाला?"

"चल म्हटलं ना."

खुर्चीत बसल्यावर तिने स्वतःच प्लेट काढून ट्रेमध्ये ठेवली. चेहरा वळवला नाही, डोळेही मिटले नाहीत. डॉक्टरबाईंनी दिवा ओढला, बघितलं, बोटाने कडा चाचपली. कडेला लालसर ओरखडा होता. प्लेटचाच आहे, काळजीचं काही नाही, किंचित घासा, त्या म्हणाल्या. मग ताईने हाताने खूण केली, आणि डॉक्टरबाई बाजूला सरकल्या.

काका वाकले. ती जागा त्यांना तोंडपाठ होती, तिची प्रत्येक कड त्यांनी बोटाने फिरवून बघितली होती, पण पांढरी, कोरडी, न हलणारी. इथे ती ओली होती. गुलाबी, खोल, दिव्याचा उजेड वर जाऊन हरवेल एवढी उंच, आणि ताईच्या श्वासाबरोबर तिच्या भिंती बारीक थरथरत होत्या. प्लास्टरमध्ये इतकी मोठी कधी वाटली नव्हती. एके काळी इथली जखम नखाएवढी होती आणि ते न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे होते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, झालं, चूळ भरा. काका वाकलेलेच होते. ताईचे डोळे त्यांच्यावर होते, आणि त्यांचं बघून होईपर्यंत तिने तोंड मिटलं नाही.